आढ्यातून पडणारी पत्रे : एका व्हिक्टोरियन गुप्तहेराचा मुंबई-मद्रासचा तपास

१८८१ सालचा जुलै महिना. मुंबईच्या ब्रीच कँडी भागातला ‘क्रोज नेस्ट’ म्हणजे ‘कावळ्याचे घरटे’ या नावाचा बंगला. इंग्लंडहून नुकताच परतलेला एक पाहुणा दिवाणखान्यात बसला असता त्याच्यासमोर एक घडी केलेले पत्र वरून येऊन पडले. हात कोणाचा दिसला नाही, दार कोणी उघडले नाही. पत्र पाहुण्याच्याच नावाचे होते आणि लिहिणारे होते ‘कुथुमी’ नावाचे महात्मा. हे महात्मा हिमालयापलीकडे, तिबेटात राहतात, असे सांगितले जाई.

पाहुणा भोळा भाविक असता तर इतिहासाने या प्रसंगाची दखल घेतली नसती. पण ते होते आल्फ्रेड पर्सी सिनेट, अलाहाबादच्या ‘पायोनियर’ या वजनदार इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक. सरकारी अधिकारी सकाळच्या चहाबरोबर ज्यांचे अग्रलेख वाचत, ते गृहस्थ या पत्रावर पूर्ण विश्वास ठेवत होते.

त्या आढ्याविषयी पुढे साडेतीन वर्षांनी एक तरुण खोदून खोदून चौकशी करणार होता. त्याचे नाव रिचर्ड हॉजसन. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांत भुताखेतांचा माग काढणारा जो गुप्तहेर आपल्याला भेटतो, त्याचा खराखुरा, हाडामांसाचा भाऊबंद शोधायचा असेल तर तो इथे, गिरगाव-ब्रीच कँडी-मद्रास या टापूत सापडतो. आणि या प्रकरणाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती एका मराठी तरुणाने.

आधी त्या काळाची हवा समजून घेऊ.

भुताचे अस्तित्व सिद्ध करायला वैनगंगेकाठच्या दवनीवाड्यासारख्या गावात कधी समिती नेमावी लागली नाही. एक जुनी चिंच पुरेशी होती. लंडनचे तसे नव्हते. डार्विननंतरच्या इंग्लंडमध्ये धर्मावरचा विश्वास डळमळला होता, विज्ञानाचा दरारा वाढला होता आणि मेलेली माणसे कुठे जातात हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे होता. श्रीमंतांच्या बैठकखोल्यांत दिवे मालवून मृतात्म्यांना बोलावण्याचे प्रयोग रंगत. टेबले हलत, पाट्यांवर आपोआप अक्षरे उमटत.

साहित्याने ही अस्वस्थता लगेच उचलली. १८६८ साली विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ आली. तिच्यात भारतातल्या मूर्तीचा हिरा आहे, त्याच्या मागावर निघालेले तीन ब्राह्मण आहेत आणि गुलाबांचा शौकीन असा पोलीस गुप्तहेर आहे. १८७२ मध्ये आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांनी ‘इन अ ग्लास डार्कली’ या संग्रहात डॉ. हेसेलियस नावाचा वैद्य उभा केला; अमानवी अनुभवांची प्रकरणे तो रोग्यांच्या टिपणांसारखी जपून ठेवतो. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’तला व्हॅन हेल्सिंग आला आणि पुढच्याच वर्षी फ्लॅक्समन लो या नावाचा, भुताटकीच्या घरांची तपासणी करणारा गुप्तहेर मासिकांतून दिसू लागला. पोलिसाची शिस्त आणि मांत्रिकाचे ज्ञान एकाच माणसाच्या अंगी, असा हा नवा नायक होता.

कल्पनेतला हा नायक पूर्ण आकाराला येण्याआधी प्रत्यक्षात त्याची संस्था स्थापन झाली होती. १८८२ साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष हेन्री सिज्विक हे केंब्रिजचे नामवंत तत्त्वज्ञ. भूत आहे असे आधीच मानायचे नाही, नाही असेही आधीच ठरवायचे नाही. साक्षी घ्यायच्या, तारखा जुळवायच्या, कागद तपासायचे, असा तिचा बाणा होता. हॉजसन हा सिज्विक यांचा विद्यार्थी. १८५५ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जन्मलेला, तिथे कायद्याची पदवी घेऊन केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकायला आलेला. उलटतपासणी कशी करावी हे कायद्याने शिकवले होते. पुरावा कशाला म्हणावे हे तत्त्वज्ञानाने.

ज्यांची चौकशी व्हायची होती त्या बाईंची ओळखही करून घ्यायला हवी.

हेलेना पेट्रोव्हना ब्लाव्हाट्स्की या जन्माने रशियन. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि इतरांसह थिऑसॉफिकल सोसायटी काढली. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी दोघे मुंबईत उतरले. मुंबईच्या आर्य समाजाचे पुढारी आणि नामांकित छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्यांना गिरगावात घर दिले, स्वागत केले आणि थोड्याच दिवसांत या सगळ्या आदरातिथ्याचे भरभक्कम बिल पुढे ठेवले. हिंदुस्थानच्या अध्यात्मभूमीशी पाहुण्यांची पहिली ओळख अशी रोकडी होती.

इंग्रज सरकारला बाई रशियाच्या हेर वाटत होत्या. तो काळच तसा होता. अफगाणिस्तानच्या सीमेवर रशिया आणि इंग्लंड एकमेकांकडे डोळे वटारून उभे होते. त्यामुळे सुरुवातीला पोलीस त्यांच्या पाळतीवर राहिले. म्हणजे बाईंच्या मागे हॉजसनच्या आधी साधे, पगारी गुप्तहेर लागलेच होते. त्यांना शोधायची होती राजकीय कारस्थाने. महात्म्यांशी त्यांना कर्तव्य नव्हते.

बाई स्वतः लेखिका होत्या, आणि लेखणी चांगलीच भयप्रद होती. कार्ल्याची लेणी, नाशिक, मध्य हिंदुस्थान या प्रवासांवर त्यांनी रशियन वृत्तपत्रासाठी एक लेखमाला लिहिली. तिच्यात खरी ठिकाणे आहेत, पण भुयारे, चेटकिणी आणि गूढ साधू इतके दाटीने येतात की प्रवासवर्णन कुठे संपते आणि गॉथिक कादंबरी कुठे सुरू होते ते कळत नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९२ साली त्यांच्या भयकथांचा एक संग्रहही निघाला. ज्या बाईंच्या चमत्कारांची चौकशी झाली त्या स्वतःच भयकथाकार होत्या, ही गोष्ट या प्रकरणात नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

चमत्कारांची यादी मोठी आहे. १८८० च्या ऑक्टोबरात सिमल्याच्या एका वनभोजनात एक कप-बशी कमी पडली, तेव्हा बाईंनी दाखवलेल्या जागी जमीन खणली आणि उरलेल्या संचाशी जुळणारी कप-बशी मातीतून निघाली. त्याच महिन्यात महात्म्यांची सिनेट यांना पत्रे सुरू झाली. काँग्रेसचे संस्थापक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हेही त्या पत्रव्यवहारात ओढले गेले. १८८२ च्या डिसेंबरात संस्थेचे मुख्य ठाणे मुंबईहून मद्रासजवळ अड्यारला हलले. तिथे बाईंच्या निजायच्या खोलीला लागून ‘गूढकक्ष’ होता आणि मधल्या भिंतीवर एक लाकडी कपाट टांगलेले होते. भक्त त्यात पत्र ठेवत. कपाट बंद होई, उघडे आणि आत महात्म्यांचे उत्तर असे.

आता या कथेत तो तरुण येतो.

दामोदर केशव मावळंकर याचा जन्म १८५७ साली अहमदाबादला, एका सधन कऱ्हाडे ब्राह्मण मराठी कुटुंबात झाला. पेशवाईत आणि नंतर गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी हे एक. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्यामुळे हे आडनाव आणि अहमदाबाद यांची जोडी मराठी वाचकाला परिचित आहेच. दामोदर लहानपणी फार आजारी पडला होता. त्या आजारात आपल्याला एका तेजस्वी पुरुषाचे दर्शन झाले, असे तो सांगे.

३ ऑगस्ट १८७९ रोजी, बाई मुंबईत येऊन सहा महिने होत नाहीत तोच, तरुण दामोदर संस्थेत दाखल झाला. त्याने घर सोडले, लहानपणी लावून दिलेला संसार सोडला, वाट्याला येणाऱ्या संपत्तीवर पाणी सोडले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जात सोडली. नुसती सोडली नाही तर १८८० साली ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिकात आपल्या नावानिशी तसे छापले. १८८० च्या मुंबईत एका ब्राह्मण तरुणाने हे करणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. वडीलही काही काळ संस्थेचे सभासद होते. पण मुलाचे हे वागणे घराला सोसणारे नव्हते आणि ताटातूट झाली.

क्रोज नेस्टमध्ये आणि नंतर अड्यारला मासिकाचा सगळा कारभार दामोदरच्या हाती होता. वर्गणी, टपाल, हिशेब, पत्रोत्तरे. दिवसभर कारकुनी आणि रात्री साधना. ज्या महात्म्याचे चित्र त्याला दाखवले गेले, तो आपल्या लहानपणीच्या दर्शनातलाच पुरुष आहे, अशी त्याची खात्री पटली होती. १८८३ च्या नोव्हेंबरात तो ऑल्कॉट यांच्याबरोबर उत्तरेच्या दौऱ्यावर होता. मुरादाबादला एका गृहस्थाने त्याची परीक्षा घेतली: सूक्ष्म देहाने अड्यारला जाऊन माझा निरोप पोचव. दामोदर काही क्षण निश्चल बसला. दुसऱ्या दिवशी अड्यारहून बाईंची तार आली, तिच्यात निरोप पोचल्याचा उल्लेख होता. त्याच दौऱ्यात जम्मूला तो एका पहाटे नाहीसा झाला आणि सुमारे अडीच दिवसांनी परत आला. गेला तेव्हा किडकिडीत, लाजरा. आला तेव्हा ताठ आणि निर्भय, असे वर्णन ऑल्कॉट यांनी लिहून ठेवले आहे. आपण गुरूंच्या आश्रमात जाऊन आलो, असे दामोदरचे सांगणे होते.

स्फोट झाला तो घरातूनच. एमा कुलोंब आणि तिचा नवरा अलेक्सी हे जोडपे संस्थेचे घर सांभाळत असे. एमा आणि बाई यांची ओळख जुनी, कैरोपासूनची. अलेक्सी सुतारकामात तरबेज. १८८४ च्या मे महिन्यात बाई युरोपात असताना अड्यारला भांडण होऊन दोघांना बाहेर काढण्यात आले. सप्टेंबरात मद्रासच्या ‘ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये बाईंनी एमाला लिहिलेली म्हणून काही पत्रे छापून आली. अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक पत्र पडू दे, अशा सूचना त्यांत होत्या. बाईंनी ती पत्रे बनावट ठरवली. पाद्री मंडळींना उकळ्या फुटल्या, संस्थेत हलकल्लोळ माजला. लंडनच्या सोसायटीने त्याच वर्षी ऑल्कॉट आणि बाई यांच्या साक्षी घेतल्या होत्या. आता प्रत्यक्ष जागेवर माणूस पाठवण्याचे ठरले.

१८८४ च्या डिसेंबरात हॉजसन अड्यारला पोचला. वय एकोणतीस. दामोदर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

कादंबरीतल्या गुप्तहेराला घटनास्थळ जसेच्या तसे मिळते. हॉजसनच्या नशिबी ते नव्हते. ज्या कपाटाभोवती सगळे प्रकरण फिरत होते ते कपाटच त्याच्या येण्याआधी नष्ट करण्यात आले होते. भिंत लिंपून टाकली होती. तेव्हा त्याने घराचा आराखडा काढला, भिंतीची जाडी विचारली, कपाटाच्या मागे पूर्वी कोणती पोकळी होती, ती कधी बुजवली, गवंडी केव्हा आले, याची माणसागणिक जबानी घेतली आणि जबान्या एकमेकींवर ताडून पाहिल्या. अलेक्सी कुलोंब म्हणत होता की कपाटाच्या पाठीला सरकत्या फळ्या होत्या आणि बाईंच्या खोलीतून हात घालता येई. भक्त म्हणत होते की हे सगळे सुतारकाम अलेक्सीने बाईंना बदनाम करण्यासाठी नंतर केले.

हॉजसनची खरी करामत मात्र एका बशीत आहे. १८८३ च्या ऑगस्टमध्ये जनरल मॉर्गन नावाचे पाहुणे अड्यारला आले असता एमाच्या हातून चिनी मातीची एक बशी फुटली. तुकडे कपाटात ठेवले. थोड्या वेळाने कपाट उघडले तर आत अखंड बशी आणि महात्म्यांची चिठ्ठी. हॉजसनने तत्त्वज्ञान बाजूला ठेवले आणि मद्रासच्या बाजारात गेला. एका दुकानाच्या वहीत नोंद सापडली: त्याच उन्हाळ्यात, चमत्काराच्या महिनाभर आधी, एमा कुलोंब हिने तशाच दोन बश्या विकत नेल्या होत्या. एक फोडायला, एक कपाटात ठेवायला. शेरलॉक होम्सचा जन्म व्हायला अजून दोन वर्षे होती, पण ही पद्धत त्याने मान डोलावून वाखाणली असती.

तपासाचा दुसरा धागा मुंबईला जात होता. क्रोज नेस्टचे छत फळ्यांचे होते, फळ्यांमध्ये फटी होत्या आणि वर माळा होता. वरून दोरा सोडून पत्र अडकवून ठेवणे आणि वेळ येताच सोडणे शक्य होते, असा त्याचा निष्कर्ष. तिसरा धागा हस्ताक्षराचा. कुथुमींच्या पत्रांतली अक्षरवळणे त्याने बाईंच्या अक्षराशी एक एक करून जुळवली. लंडनच्या हस्ताक्षरतज्ज्ञाने आधी दोन्ही अक्षरे वेगळ्या व्यक्तींची ठरवली होती. अधिक नमुने दाखवल्यावर त्याने मत बदलले. ह्यूम यांचाही तोवर महात्म्यांच्या पत्रांवरचा विश्वास उडाला होता.

१८८५ च्या डिसेंबरात सोसायटीच्या ग्रंथमालेत सुमारे दोनशे पानांचा अहवाल छापून आला. त्याचा निकाल निःसंदिग्ध होता: महात्मे नाहीत, पत्रे बाईंनी व त्यांच्या साथीदारांनी लिहिली, चमत्कार ही हातचलाखी. योगायोग असा की त्याच महिन्याच्या २८ तारखेला मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात, ह्यूम यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरत होते.

इथवर तपास पटतो. बशीची नोंद कोणालाही पटेल. पण पुढे हॉजसन एका प्रश्नाला अडखळला. बाईंनी हे सगळे केले कशासाठी? पैसा त्यांनी कमावला नव्हता, सुखही नाही. मग त्याने उत्तर दिले: रशियाच्या हितासाठी, हिंदुस्थानात इंग्रजी राज्याविषयी असंतोष पेरण्यासाठी. म्हणजे भुताचा माग काढत निघालेला तत्त्वज्ञ शेवटी त्याच दारात पोचला, जिथे मुंबईचे साधे पोलीस सहा वर्षांपूर्वी उभे होते. या आरोपाला बशीसारखा पुरावा नव्हता. कपाट, माळा, अक्षर यांच्या बाबतीत जो माणूस प्रत्येक इंच मोजून पाहतो, तोच हेतूच्या बाबतीत साम्राज्याच्या भीतीवर विसंबून राहतो, ही या अहवालाची सर्वांत दुबळी जागा आहे.

दुसरीही एक उणीव आहे. आपल्यावर आरोप ज्या पत्रांवरून झाले ती मूळ पत्रे आपल्याला दाखवली गेली नाहीत, ही बाईंची तक्रार होती. हॉजसनमधल्या वकिलाला ती टोचायला हवी होती. १९८६ साली, शंभर वर्षांनंतर, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका केली. चमत्कार खरे होते असे त्याने म्हटले नाही. तपासनीस न्यायाधीशाऐवजी फिर्यादीच्या वकिलासारखा वागला, असा त्याचा आक्षेप होता.

अहवालाने संस्था बुडाली का? नाही. बाई ३१ मार्च १८८५ रोजी आजारी अवस्थेत हिंदुस्थान सोडून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. १८९१ साली लंडनमध्ये वारल्या. पण १८८९ मध्ये ॲनी बेझंट त्यांना भेटल्या तेव्हा बाईंनी त्यांना आधी हॉजसनचा अहवाल वाचून यायला सांगितले. बेझंट यांनी तो वाचला आणि तरीही त्या संस्थेत आल्या. पुढे होमरूल चळवळ आणि १९१७ साली काँग्रेसचे अध्यक्षपद. दोनशे पानांच्या पुराव्याने जे थांबले नाही, त्याचा हिंदुस्थानच्या राजकारणावरचा परिणाम इतका दूरवर गेला.

हॉजसनचे पुढचे आयुष्य तर एखाद्या गूढकथेत शोभावे. १८८७ साली त्याने डेव्ही नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. डेव्ही खोटा माध्यम बनून पाटीवर ‘आत्म्यांची’ अक्षरे उमटवी, मग बसलेल्या सुशिक्षित मंडळींकडून लेखी वर्णने घेतली जात. पाटी क्षणभरही नजरेआड झाली नाही, असे लोक शपथेवर लिहून देत. प्रत्यक्षात ती बदललेली असे. डोळ्यांनी पाहिलेले आणि आठवणीत राहिलेले यांतली दरी इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी दाखवली होती. साक्षीपुराव्याचा अभ्यास करणाऱ्यांनी अड्यारच्या अहवालाहून हा लेख आधी वाचावा.

त्याच वर्षी तो अमेरिकेत बॉस्टनला गेला आणि लिओनोरा पायपर या माध्यम बाईंची चौकशी त्याच्याकडे आली. सवयीप्रमाणे त्याने त्या दांपत्याच्या मागे खासगी गुप्तहेर लावले, त्या कोणाला भेटतात, कोणाची माहिती काढतात याची पाळत ठेवली. काही सापडले नाही. १८९२ मध्ये हॉजसनचा एक तरुण मित्र अपघाताने गेला, आणि काही आठवड्यांत पायपरबाईंच्या तोंडून तो मित्र बोलू लागला. हॉजसनने ओळखीच्या-अनोळखी माणसांना नाव न सांगता समोर बसवले. मित्राचा ‘आत्मा’ आपल्या माणसांना बिनचूक ओळखी. १८९८ च्या अहवालात अड्यारच्या या कठोर तपासनीसाने लिहिले की मृत व्यक्ती खरोखरच बोलत आहेत, अशी आपली खात्री झाली आहे.

२० डिसेंबर १९०५ रोजी बॉस्टनमध्ये हँडबॉल खेळता खेळता हॉजसन कोसळला आणि गेला. वय पन्नास. त्यानंतर पायपरबाईंच्या तोंडून ‘हॉजसन’ बोलू लागला. त्याची चौकशी करण्याचे काम आले तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांच्याकडे. १९०९ साली त्यांनी त्यावर दीर्घ अहवाल लिहिला आणि ठाम निकाल द्यायचे टाळले. गुप्तहेर स्वतःच तपासाचा विषय झाला होता.

या सगळ्यात दामोदरचे काय झाले?

हॉजसनने त्याची जबानी घेतली होती. मुरादाबादचा निरोप, जम्मूतले नाहीसे होणे, पत्रांच्या वेळा, प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारले होते. अहवालाचा निष्कर्ष असा की दामोदर फसवला गेलेला भाविक नसून फसवणुकीतला साथीदार आहे. मुरादाबादची तार आधी ठरवून ठेवलेली होती. तर्काला हे सोपे पडते. पण ज्याने संपत्ती, घर आणि जात या तिन्ही गोष्टी एका विश्वासापायी सोडल्या, तो रात्री माळ्यावर दोरा सोडीत बसला, हे मान्य करायचे तर त्यामागचे मन समजावून सांगावे लागते. अहवालात बशीच्या खरेदीला जेवढी जागा आहे तेवढी या मनाला नाही. इंग्रजी शिकलेल्या, परंपरेत घुसमटणाऱ्या आणि मिशनऱ्यांची हेटाळणीही ऐकणाऱ्या त्या पिढीला ‘तुमचेच ऋषी अजून हयात आहेत आणि ते तुम्हाला पत्र लिहितात’ हे सांगणारी संस्था काय वाटली असेल, हा प्रश्न हॉजसनच्या कक्षेत नव्हता. पत्र कोणी लिहिले हे त्याने शोधले. पत्राची वाट कोण आणि का पाहत होते, हे कोणी विचारले नाही.

हॉजसन अड्यारला असतानाच, २३ फेब्रुवारी १८८५ रोजी, दामोदर मद्रासहून आगबोटीने कलकत्त्याला निघाला. प्रकृती खालावलेली होती, छातीचा आजार बळावत होता. एप्रिलच्या आरंभी तो दार्जिलिंगला पोचला. तिथून मजूर बरोबर घेऊन सिक्कीममध्ये शिरला. रोजनिशीत तो वाटेवरची गावे, चढ, मुक्काम यांची साधी, कोरडी नोंद करत होता. मासिकाच्या हिशेबाची वही लिहावी तशी. शेवटची नोंद २३ एप्रिलची आहे. त्यानंतर त्याने मजुरांना सामानासह परत पाठवले आणि तिबेटच्या दिशेने एकटा चालू लागला.

पुढे बर्फात एक गोठलेला देह सापडल्याची बातमी आली. संस्थेतल्या अनेकांनी ती मानली नाही. तो गुरूंकडे पोचला, असेच ते म्हणत राहिले. लंडनमध्ये त्याचे नाव साथीदार म्हणून छापून आले तेव्हा त्याला डोंगरात शिरून आठ महिने झाले होते.